ताठरतेची गोळी घेताय? पैसे आणि जीव दोन्ही वाचवायचे तर या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर चार माणसं उभी असताना ‘ती’ गोळी मागणं काय असतं, हे मागणाऱ्यालाच ठाऊक. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका मेडिकलसमोर मी संध्याकाळी गाडी लावली. आत आमच्या गल्लीतल्या एक काकू नातवासाठी खोकल्याचं औषध घेत होत्या. मी डोकेदुखीची गोळी घेतली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी स्टेशनपलीकडे, जिथं मला कुणी ओळखत नाही अशा दुकानात गेलो. तिथल्या पोरानं काही न विचारता एक स्ट्रिप कागदात गुंडाळून दिली, मीही काही न विचारता खिशात टाकली. नाव वाचलं नाही, किती मिलिग्रॅमची आहे ते बघितलं नाही, बिल मागितलं नाही.

मी ५४ वर्षांचा आहे. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. दुसऱ्याच्या एक-एक रुपयाचा ताळा जुळवणारा माणूस मी, पण या एका बाबतीत दीड वर्ष पैसे कुठं गेले आणि शरीरावर काय प्रयोग केले, याचा हिशेब कधी मांडला नव्हता. तो इथं मांडतोय. माझ्या वयाचे कितीतरी लोक हेच करत असणार आणि कुणी कुणाशी बोलत नसणार, याची मला खात्री आहे.

बोर्ड बघून आत शिरणं

गोळीच्या आधीची चूक ही. ‘गुप्तरोग, कमजोरी, हमखास इलाज’ असा बोर्ड बघून मी एका दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही, आणि असा बोर्ड फक्त एकाच ठिकाणी असतो असंही नाही. तिथं नाडी बघितली, तरुणपणीच्या सवयींबद्दल दोन प्रश्न विचारले आणि ‘नसा ढिल्या झाल्यात’ असं सांगितलं. रक्तदाब मोजला नाही. साखर तपासा असं म्हणाले नाहीत. तपासणीचे ५००, पंधरा दिवसांच्या कोर्सचे ६,५००, वरून लावायच्या तेलाचे १,८००. पुढच्या महिन्यात ‘कोर्स अर्धवट सोडला तर उलटेल’ म्हणून आणखी ६,५००. एकूण १५,३०० रुपये. दिवाळीच्या बोनसमधले.

एक गोष्ट मला नंतर लक्षात आली आणि ती महत्त्वाची आहे. त्या कोर्समधली चूर्णाची पुडी घेतली की तासाभरात माझं नाक चोंदायचं, कानशिलं गरम व्हायची, डोकं ठणकायचं. काही दिवस फरकही पडला. पुढे डॉक्टरांनी लिहून दिलेली सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, पहिल्यांदा घेतली, तेव्हा हुबेहूब तेच नाक आणि तेच डोकं. त्या पुडीत काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही. पण ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या औषधांत हेच ॲलोपॅथीचं रसायन मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत आणि परदेशातही आहेत. किती मिसळलंय ते पुडीवर कुठं लिहिलेलं नसतं. हृदयाची गोळी चालू असलेला माणूस ‘हर्बलच आहे की’ म्हणून बिनधास्त घेतो, तिथं खरी भीती आहे. यात आयुर्वेदाचा दोष नाही, शिकलेला वैद्य असं करत नाही. दोष न सांगता मिसळणाऱ्याचा आहे.

लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे भिंतीवर, रिक्षाच्या मागं किंवा मोबाईलवर जो इतक्या उघड छातीनं जाहिरात करतोय, तो पहिल्याच पायरीला कायदा मोडतोय. तेवढं कळलं असतं तरी माझे पैसे वाचले असते.

साखर, रक्तदाब न बघता थेट गोळीकडे जाणं

कारखान्यात आमचे एक मास्तर आहेत, घरी तेलुगू बोलणारे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. एकदा दुपारच्या सुट्टीत मी आडून आडून विषय काढला. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि विचारलं, “काय ओ, शुगर तपासलाव का?”

तपासली नव्हती. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, तर साखर २१२. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.१. मला मधुमेह होता आणि तो किती दिवसांपासून होता ते कुणालाच माहीत नव्हतं. रात्री दोनदा लघवीला उठायचो, ते मी उन्हाळ्यात जास्त पाणी पितो म्हणून असेल असं समजत होतो.

डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक पुरुषाला माहीत हवं. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या. हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. साखर, कोलेस्टेरॉल, बिडी, तंबाखू यांनी नळ्या आतून खराब व्हायला लागल्या की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरता कमी होणं ही पुष्कळदा हृदयविकाराची आगाऊ चिठ्ठी असते, आणि ती दोन-चार वर्षं आधी येऊ शकते. गोळीनं ती चिठ्ठी तेवढी झाकली जाते.

तेव्हा आधी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड (रक्तातली चरबी), रक्तदाब बघा. इच्छाच कमी झाली असेल तर सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन डॉक्टर सांगतात. या सगळ्या तपासण्या मिळून मला जो खर्च आला तो त्या दवाखान्याच्या एका तेलाच्या बाटलीएवढाही नव्हता. तेवढाही परवडत नसेल तर सिव्हिलला मेडिसिनच्या ओपीडीत केसपेपर काढून ‘ही तक्रार आहे, साखर आणि बीपी बघा’ एवढं सांगितलं तरी सुरुवात होते. तिथल्या डॉक्टरांना यात नवीन काही नसतं, लाजतो तो आपणच.

आधीपासून बीपीची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांनी ताठरतेवर परिणाम होतो आणि बदलून दुसरी देता येते. मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

कोणाच्या तरी डब्यातली सॉर्बिट्रेट

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात आणि या चुकीनं माणूस जातो.

गोळी काम कशी करते ते आधी सांगतो. मनात इच्छा झाली की तिथल्या नसांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यामुळे एक रसायन वाढतं, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरतं. (हृदय आणि रक्तवाहिन्यांत हा वायू निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पहिली ताठरतेची गोळी अमेरिकेत मंजूर झाली तीही त्याच वर्षी, मार्चमध्ये.) शरीरातलं एक एन्झाइम ते रसायन मोडून टाकतं. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्या त्या एन्झाइमला थोपवतात. म्हणजे इच्छा नसताना नुसती गोळी घेऊन ताठरता येत नाही.

आता हृदयाची सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड, किंवा नायट्रोग्लिसरीन. ही औषधं तेच रसायन दुसऱ्या बाजूनं वाढवतात. दोन्ही एकत्र आली की एकीकडून नळ पूर्ण सोडलेला आणि दुसरीकडून मोरी बंद, अशी गत होते. सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस शुद्धीवर येईलच असं नाही. निकोरॅन्डिल या हृदयाच्या गोळीचंही तसंच. ज्याला यातलं कुठलंही औषध चालू आहे, रोजचं असो की ‘लागलं तर’ असो, त्यानं ही गोळी घ्यायचीच नाही. अर्धी नाही, पाव नाही.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी आहे. छातीत दुखलं की घरातलं कुणीतरी आजीच्या डब्यातली सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवतं. प्रेमानंच ठेवतं. पण त्या माणसानं दोन तासांपूर्वी काय घेतलंय हे घरात कुणालाच माहीत नसतं, कारण त्यानं ते लपवून घेतलेलं असतं. सिल्डेनाफिल घेतल्यापासून किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. म्हणून गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर लाज गुंडाळून ठेवा. घरी सांगा, १०८ ला फोन केला तर त्यांना सांगा, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा : मी अमुक गोळी इतक्या वाजता घेतली आहे. त्यांच्याकडे दुसरी औषधं असतात, फक्त त्यांना माहीत असायला हवं.

मी माझ्या पाकिटात गाडीच्या लायसनमागे चिठ्ठी ठेवली आहे. त्यावर मधुमेहाच्या गोळ्यांच्या खाली हेही नाव लिहिलंय.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तरी सांगा. तिथं पूर्ण मनाई नाही, पण मात्रा आणि वेळ डॉक्टर ठरवतात, नाहीतर उठल्याबरोबर चक्कर येते.

नावाला पैसे मोजणं

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेबाचा. ही गोळी महाग असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. आपल्याकडे ती कितीतरी कंपन्या बनवतात. आतलं औषध तेच सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम, पण एका कंपनीची गोळी जितक्याला मिळते त्याच्या तिप्पट-चौपट किंमत दुसऱ्या स्ट्रिपवर छापलेली असते. जो लाजून ‘ती द्या’ म्हणतो त्याला दुकानदार हाताला येईल ती देतो, आणि हाताला येणारी स्वस्तच असेल असं काही नाही.

चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि दुकानात म्हणा, “यातली कमी किमतीची कोणती आहे?” जेनेरिकच्या दुकानातही विचारा. स्ट्रिपची किंमत भागिले गोळ्या, हा भागाकार तिथंच करा. समजा चार गोळ्यांची स्ट्रिप १०० रुपयांना आहे. गोळी पडली २५ ला. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला आठ गोळ्या, २०० रुपये. टाडालाफिल ५ रोज घ्यायची पद्धतही आहे. समजा ती १२ रुपयांना पडते, तर महिन्याचे ३६०. ज्याला महिन्यातून दोनदाच लागते त्यानं रोजची घेणं म्हणजे पैसे वाया. ज्याला प्रोस्टेटचाही त्रास आहे त्याला मात्र रोजची टाडालाफिल दोन्हीकडे उपयोगी पडू शकते, म्हणून डॉक्टर तीच सुचवतात. आकडे तुमच्या दुकानातले घाला, रीत हीच.

आणखी एक. बऱ्याचदा १०० ची गोळी ५० च्या दुप्पट किमतीची नसते. डॉक्टरांनी ५० सांगितली असेल आणि ते हो म्हणाले, तर १०० ची गोळी मधोमध कापून दोनदा वापरता येते. गोळी कापायचं छोटं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं. विळीवर कापू नका, तुकडे सारखे होत नाहीत.

बिल घ्याच. बॅच नंबर आणि एक्सपायरी त्यावर येते. ही शेड्यूल एचमधली गोळी आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाही असा नियम आहे. चिठ्ठी न मागता, बिल न देता, सुटी गोळी कागदात देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही. मोबाईलवर मेसेज येतो, नंबरावर फोन केला की पार्सल घरी येतं, तसलं तर अजिबात नको.

माझ्या त्या पहिल्या स्ट्रिपवर काय होतं ते मला महिन्याभरानं कळलं. सिल्डेनाफिल १०० आणि त्यासोबत डॅपॉक्सेटिन. दुसरं औषध शीघ्रपतनासाठी असतं. मला तो त्रासच नव्हता. वर त्यानं काहींना भोवळ येते. म्हणजे सगळ्यात मोठी मात्रा, नको असलेलं औषध, आणि तपासणी शून्य.

सावजी मटण खाऊन वाट बघत बसणं

डॉक्टरांनी ५० लिहून दिली. त्या रविवारी पाहुणे होते. तर्री हाताला लागेल असं मटण, कडक भाकरी, शेंगाचटणीवर तेल. रात्री दहाला जेवलो, साडेदहाला गोळी घेतली, साडेअकरापर्यंत काही नाही. औषध नकली आहे, दुकानदारानं फसवलं, असं मनात आलं आणि मी दुसरी गोळी काढायला उठलो. पण कसाबसा थांबलो.

सिल्डेनाफिल तेलकट जेवणावर घेतली की ती रक्तात उतरायला तासभर उशीर होतो आणि जोरही कमी पडतो. उपाशीपोटी किंवा हलक्या जेवणानंतर दोन तासांनी घेतली तर तीस मिनिटं ते तासाभरात काम करते आणि साधारण चार तास उपयोगी पडते. २४ तासांत एकदाच. दुसरी गोळी घ्यायची नाही. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही आणि तिचा उपयोग ३६ तासांपर्यंत राहतो. याचा अर्थ ३६ तास ताठरता राहते असा नाही. त्या काळात इच्छा झाली तर शरीर साथ देतं, इतकाच.

दारूचं थोडक्यात : एखादा पेग वेगळा, पण बैठक मारून आल्यावर गोळी घेतली तर रक्तदाब घसरतो आणि दारूच मुळात ताठरता मारते.

आणि एकदा घेऊन ‘मला लागू पडत नाही’ असं ठरवू नका. नीट पोटावर, नीट वेळेत, मनावर दडपण नसताना सहा-आठ वेळा घेऊन बघावी लागते. मला तिसऱ्या वेळी फरक जाणवला. मात्रा वाढवायची की औषध बदलायचं, हे त्यानंतर डॉक्टर सांगतील. पासष्टीच्या पुढच्यांना आणि किडनी-लिव्हरचा त्रास असलेल्यांना सहसा २५ पासूनच सुरू करतात.

काय सहन करायचं आणि कशासाठी धावायचं

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, छातीत जळजळ, हे होतं आणि काही तासांत जातं. सिल्डेनाफिलनं थोडा वेळ सगळं निळसर दिसू शकतं. टाडालाफिलनं दुसऱ्या दिवशी कंबर किंवा पोटऱ्या दुखू शकतात.

मे महिन्यात आणखी सांभाळावं लागतं. पारा ४२ च्या पुढे, दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये, पाणी कमी. अशा एका रात्री मी गोळी घेतली आणि पलंगावरून झटकन उठलो, तर डोळ्यांपुढे अंधार. भिंत धरून खाली बसलो. रक्तदाब आधीच उतरलेला असतो, गोळी त्याला आणखी खाली खेचते. तेव्हापासून उन्हाळ्यात संध्याकाळपासून पाणी पिऊन घेतो आणि उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसतो.

ताठरता चार तास उतरली नाही, तर ती दुखत असो वा नसो, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट बघितली तर आतल्या पेशी कायमच्या खराब होऊ शकतात. एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं किंवा अचानक ऐकू येईनासं झालं तरी गोळी बंद आणि थेट डॉक्टर.

बायकोपासून लपवणं

शेवटची चूक, आणि मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप हिचाच होतो. दीड वर्ष मी उशिरा झोपायला जायचो. हिशेब राहिलाय म्हणायचो. तिला जवळ यायची भीती वाटू नये म्हणून मीच लांब राहिलो, असं मी स्वतःला समजावत होतो. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. त्या भोवळीच्या रात्रीनंतर गच्चीवरच तिला सगळं सांगितलं, दवाखान्याच्या १५,३०० सकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, मला वाटत होतं मीच तुम्हाला नकोशी झाले.”

पुढच्या वेळी ती माझ्यासोबत डॉक्टरांकडे आली. मी साखर किती, गोळी कशी चालते ते सांगत होतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? ती म्हणाली, “हे रात्री फार घोरतात. मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, मी हलवून उठवते.” इतकी वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण घोरण्याचा आणि याचा काही संबंध असेल असं तिला वाटलंच नव्हतं. मलाही नाही. डॉक्टरांनी टेप काढून माझ्या गळ्याचा घेर मोजला आणि सांगितलं की झोपेत श्वास अडकण्यानंही रक्तदाब, साखर आणि ताठरता तिन्ही बिघडतात.

झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. रात्री मशीन लावून झोपायचंय, ती सोबत येणार आहे.